घोड्याच्या पायाला खपल्या धरल्या? मलमाचा डबा उघडण्याआधी हे वाचा

घोड्याच्या घोट्याच्या खाली आणि खुराच्या टाचेच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला एक खळगा असतो. खरारा करताना ब्रश त्याच्यावरून नुसता फिरून जातो. तिथल्या केसांत बोटे घाला आणि केसांच्या उलट दिशेने चाचपून पाहा. वरून केस छान बसलेले दिसत असतील, पण बोटांना खाली बारीक, टणक कण लागत असतील आणि घोडा पाय झटकून घेत असेल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

नवा मालक अशा वेळी हमखास दोन गोष्टी करतो. ती खपली नखाने उचकटतो आणि तबेल्यात ज्याच्याकडे जो डबा असेल त्यातले मलम फासतो. प्रत्येक तबेल्यात एक रामबाण मलम असतेच, आणि प्रत्येकाचे वेगळे असते. एखाद्या घोड्याला त्याने गुण येतो, कारण त्या वेळी दुखण्याचे कारण आणि औषध यांची गाठ पडलेली असते. पुढच्या घोड्याला तेच मलम लावून महिना वाया जातो. खपल्या, भेगा, लाली, केस झडणे हे सगळे एकाच जागी आणि एकसारखेच दिसते, पण त्यामागे जिवाणू, बुरशी, खरजेचे किडे, ऊन, बिघडलेले यकृत, घोड्याच्या पायाला बांधलेला घासणारा बूट यांपैकी काहीही असू शकते.

ही जागाच अशी आहे. इथली कातडी प्रत्येक पावलाला दुमडते आणि ताणली जाते. चिखल, लीद, मूत्र, दव सगळे आधी इथे लागते आणि केसांमुळे सर्वांत उशिरा वाळते. पावसाळ्यात माणसाच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्याच जातीचा हा त्रास. कातडी सतत ओली राहून मऊ पडते, तिला बारीक चीर जाते, आणि एरवी दाराबाहेर थांबणारे जंतू आत शिरतात. त्यामुळे खाली जे टप्पे दिले आहेत त्यांत पाय कोरडा करण्यावर माझा जास्त भर आहे. औषध त्यानंतर.

१. हे घरी निभावेल का, ते आधी ठरवा

पायाला हात लावण्याआधी ताप मोजा. मोठ्या घोड्याचे विश्रांतीचे तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस असते. थर्मामीटर गुदद्वारात घालावा लागतो. त्याला दोरी बांधा, टोकाला थोडे व्हॅसलीन लावा आणि घोड्याच्या बाजूला उभे राहा, मागे नको.

पुढीलपैकी काही दिसले तर स्वतः उपचार न करता पशुवैद्याला बोलवा:

- ताप ३८.५ अंशांच्या वर आहे.
- एकच पाय अचानक सुजला आहे, गरम लागतो आणि दाबला की दुखतो.
- घोडा लंगडतो किंवा तो पाय टेकायलाच तयार नाही.
- खपल्या गुडघ्याच्या वर चढल्या आहेत, किंवा नाकपुड्यांभोवती आणि अंगावरही आहेत.
- भेग इतकी खोल आहे की पायाच्या हालचालीबरोबर तिचे तोंड उघडते.
- पायाच्या आतल्या बाजूने गाठींची रांग आली आहे आणि त्या फुटून चिकट, पिवळट स्राव येतो.

शेवटच्या लक्षणाबद्दल थोडे थांबून सांगतो. अशा गाठी ग्लँडर्सच्या असू शकतात. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. अनेक देशांत त्याची खबर सरकारी पशुवैद्यकीय खात्याला देणे बंधनकारक आहे. अशा गाठी फोडू नका, धुऊ नका. घोडा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका. दुसऱ्या आजारांतही अशा गाठी येतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

सुजेबाबत नवखे लोक फार गोंधळतात. रात्रभर ठाणावर उभ्या राहिलेल्या घोड्याचे दोन्ही मागचे पाय सकाळी थोडे भरल्यासारखे दिसतात. हात लावला तर थंड लागतात, दाबल्यावर घोडा कुरकुरत नाही, आणि थोडे चालवले की सूज उतरते. याचा खपल्यांशी फारसा संबंध नाही. एकच पाय, गरम आणि दुखरा, आणि चालवूनही तसाच राहिला, तर मात्र जंतू भेगेतून कातडीखालच्या थरात उतरले असण्याची शक्यता धरा. त्याला पोटातून किंवा सुईने प्रतिजैविक लागते. वरच्या मलमाने ते आवरत नाही, आणि उशीर झाला तर तो पाय कायमचा थोडा जाड राहू शकतो.

याच वेळी धनुर्वाताची लस कधी दिली होती ते नोंदवहीत पाहा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आणि लीद-मातीत रुतणाऱ्या पायावर उघडी भेग हे त्याला आयतेच निमंत्रण. तारीख उलटून गेली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

२. कारण हुडका

औषधाच्या आधी स्वतःला काही प्रश्न विचारा. त्रास एका पायाला आहे की चारही? पांढऱ्या पायांनाच आहे की काळ्याही? घोड्याला खाज सुटते आहे की दुखते आहे? जवळचे दुसरे घोडेही पाय आपटत आहेत का? गेल्या काही दिवसांत काय बदलले: बिछायत, बूट, फवारा, कुरण, पाऊस? उत्तरे लिहून ठेवा. पुढे डॉक्टर हेच विचारणार आहेत.

*ओल आणि जिवाणू.* हे सर्वांत नेहमीचे. पावसात किंवा चिखलात बरेच दिवस काढल्यावर खळग्यात खपल्या धरतात. डर्माटोफिलस काँगोलेन्सिस हा जिवाणू यात पुष्कळदा सापडतो, कधी स्टॅफिलोकॉकस. डर्माटोफिलसचा स्वभाव कळला की उपचारही कळतो. तो कोरड्या खपलीत महिनोन्महिने निपचित पडून राहतो. पाणी लागले की त्याचे पोहू शकणारे बीजाणू बाहेर पडतात आणि शेजारच्या मऊ कातडीत घुसतात. म्हणून ओला पाय पुन्हा पुन्हा खपल्या धरतो, आणि म्हणूनच गळून पडलेली खपली जमिनीवर टाकायची नाही. ओळखायची खूण अशी: केस झुपक्याझुपक्याने उभे राहून चिकटलेले असतात. तो झुपका अलगद सुटला तर खपलीच्या खालच्या बाजूने केसांची मुळे बाहेर डोकावतात, आणि उघड्या पडलेल्या कातडीवर पिवळट-हिरवट पातळ पू दिसतो.

*खरजेचे किडे.* पायाला भरघोस झुपकेदार केस असलेल्या जातींत, म्हणजे शायर, क्लाइड्सडेल, फ्रीजियन, जिप्सी कॉब यांच्यात, आधी संशय यांचाच घ्या. कोरिऑप्टिस नावाचा हा किडा कातडीत बीळ करत नाही. तो वरवर फिरतो आणि कोंड्यावर जगतो. घोडा रात्रभर पाय आपटतो, एका पायाने दुसरा घासतो, दाताने पायाची नळी चावतो. खाजेने बेजार घोडा खांब, कुंपण आणि माणूस असा भेद करत नाही, तेव्हा जवळ जाताना सांभाळून. थंडीत याचा जोर वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो, आणि मालकाला वाटते आपल्या मलमानेच गुण आला.

*ऊन.* पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला घोडा दिसायला देखणा, पण त्या पांढऱ्या पायांखालची कातडी गुलाबी असते आणि तिला उन्हापासून संरक्षण नसते. खपल्या पांढऱ्या भागापुरत्याच असतील आणि काळे केस सुरू होतात तिथे रेघ मारल्यासारख्या थांबत असतील, तर कारण बहुधा चिखल नाही. यात दोन वाटा संभवतात. एक म्हणजे, सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती खाण्यात आली की तिच्यातले द्रव्य कातडीत पोचते आणि ऊन लागताच कातडी भाजते. दुसरी वाट जास्त गंभीर आहे. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्याचे पोटात विघटन होऊन फायलोएरिथ्रिन तयार होते. निरोगी यकृत ते बाहेर टाकते. यकृत बिघडले की ते रक्तात साठते आणि उन्हात कातडी जाळते. रॅगवर्ट आणि अल्साइक क्लोव्हर या वनस्पती यकृताला बाधतात. पांढऱ्या पायांबरोबर नाकावरचा पांढरा पट्टाही भाजल्यासारखा दिसत असेल तर रक्ताची तपासणी झालीच पाहिजे.

*रक्तवाहिन्यांचा दाह.* हाही पांढऱ्या पायांचाच आजार, आणि चिखलाचा त्रास समजून सर्वांत जास्त चुकीचे उपचार याच्यावर होतात. बऱ्याचदा एकाच पायाला असतो. खपल्या घट्ट चिकटलेल्या, खाज कमी, पण दुखणे आणि सूज दिसते त्या मानाने पुष्कळ जास्त. कडक उन्हाच्या दिवसांत वाढतो. रोज घासून धुतला तर आणखी बिघडतो. याला डॉक्टरांनी ठरवलेले स्टिरॉइड आणि सावली लागते.

*घासणे आणि लागणे.* बुटाच्या आत वाळू गेली, पट्टी ओली राहिली, बिछायतीत मूत्र मुरले, नवा फवारा सोसला नाही. इथे डाग बुटाच्या किंवा पट्टीच्या आकाराचाच दिसतो. कारण काढून टाकले की बरेचसे आपोआप सुधारते.

याशिवाय बुरशीचे गजकर्ण असते, पण ते सहसा फक्त पायांवर थांबत नाही. खोगिराखाली, पोटावर गोल डाग सापडतात. उन्हाळ्यात माश्यांमुळे न भरणारी, आत पिवळट कण असलेली जखम झाली तर ती कृमीच्या अळ्यांची असू शकते. आणि अवजड जातींत पायाची कातडी घड्या पडून जाड, गाठाळ होत गेली असेल, तर तो लसिकावाहिन्यांचा (कातडीखाली साचणारा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांचा) कायमचा आणि हळूहळू वाढणारा आजार असतो. तो पूर्ण बरा होत नाही. केस कापून ठेवणे, किडे आटोक्यात ठेवणे, नियमित चालवणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाबपट्टी, एवढ्यावर तो सांभाळावा लागतो.

३. सामान आधी गोळा करा

घोडा बांधून ठेवल्यावर टॉवेल शोधायला पळू नये म्हणून हे जवळ ठेवा:

- हातमोजे, दोन-तीन जोड
- केस कापायचे मशीन किंवा बोथट टोकाची कात्री
- कोमट पाण्याच्या दोन बादल्या आणि मऊ स्पंज
- क्लोरहेक्सिडिनचे धुण्याचे द्रावण (२ ते ४ टक्के) किंवा पोव्हिडोन आयोडीन
- घड्याळ
- स्वच्छ, कोरडे सुती टॉवेल, वाटतात त्याच्या दुप्पट
- खपल्या टाकायला पिशवी
- झिंक ऑक्साइडचे मलम, आणि डॉक्टरांनी दिले असेल ते औषध

क्लोरहेक्सिडिन आणि आयोडीन यांतले एकच निवडा. मिसळू नका. हातमोजे टाळू नका, कारण डर्माटोफिलस आणि गजकर्ण दोन्ही माणसाला लागतात.

४. घोडा कोरड्या जागी आणा

हा टप्पा सगळ्यांना उघड वाटतो, म्हणून सगळे तो गाळतात. सकाळी पाय धुऊन औषध लावले आणि घोडा पुन्हा त्याच चिखलात सोडला, तर तुम्ही फक्त जंतूंना आंघोळ घातलीत. बरे होईपर्यंत कोरडी बिछायत, कोरडे अंगण. उभे राहून पाय भरतात म्हणून दिवसातून एक-दोनदा कोरड्या जमिनीवर हाताने चालवा. ऊन हे कारण असेल तर दिवसा सावलीत ठेवून रात्री सोडा.

५. केस कापा

केसांच्या जंगलात औषध कातडीपर्यंत पोचत नाही आणि पाणी वाळत नाही. खळगा आणि त्याच्या भोवतीचे केस कापा. जिथे खपल्या दाट आहेत तिथे मशीन कातडीला टेकवू नका, खपलीसकट कातडी ओढली जाते. आधी कात्रीने वरवर कापा, खपल्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी मशीन चालवा. मशीनचे पाते प्रत्येक घोड्यानंतर जंतुनाशकात बुडवून घ्या.

झुपकेदार केसांच्या घोड्यांचे मालक इथे अडून बसतात. शोभा आहे, मान्य आहे. पण केस काही महिन्यांत परत येतात, आणि केसांखाली किडे असताना कुठलाही उपचार अर्धवटच होतो.

मागच्या पायाशी काम करताना गुडघे टेकून बसू नका. उकिडवे बसा, एक हात घोड्याच्या पायावर वरच्या बाजूला ठेवा म्हणजे तो पाय उचलणार हे आधी कळते. पुढे धरायला माणूस हवाच. दुखऱ्या पायाला गरीब घोडाही लाथ मारतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. फारच दुखत असेल तर डॉक्टरांकडून गुंगीचे इंजेक्शन देऊन काम करा.

६. खपल्या भिजवा, उचकटू नका

कोरडी खपली ओढली की खालची ताजी कातडी तिच्याबरोबर निघते आणि जखम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कोमट पाण्यात भिजवलेले फडके खळग्यावर दहा-पंधरा मिनिटे धरा. फार जाड थर असेल तर आदल्या रात्री त्यावर व्हॅसलीनचा जाड हात द्या. भिजलेली खपली बोटाने हलके फिरवल्यावर सुटली तर काढा. नाही सुटली तर उद्या. सुटलेल्या खपल्या पिशवीत, पिशवी कचऱ्यात.

सगळ्या खपल्या एकाच दिवशी काढायची घाई मात्र लोकांना अनावर होते. रक्त दिसले की थांबा.

एक अपवाद लक्षात ठेवा. डॉक्टर तपासणीसाठी नमुना घ्यायला येणार असतील तर त्याआधी काहीच धुऊ नका आणि खपल्याही काढू नका. खपलीतच जंतू असतात. स्वच्छ धुतलेल्या पायावर सापडायला काही उरत नाही.

७. धुवा, आणि घड्याळ लावा

आधी साध्या पाण्याने माती काढा. मळ असताना जंतुनाशकाचा जोर, विशेषतः आयोडीनचा, मळावरच खर्च होतो. साबण वापरला असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत पाणी टाका, कारण नेहमीच्या साबणाने क्लोरहेक्सिडिन निकामी होते. मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे द्रावण बनवा, हलक्या हाताने लावा आणि दहा मिनिटे तसेच राहू द्या. बहुतेकांचा उपचार इथेच फसतो: लावले, चोळले, लगेच धुतले. जंतुनाशकाला कातडीवर टेकायला वेळ लागतो. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाका, कातडीवर फेस राहिला तर तोच चुरचुरतो.

आयोडीन असेल तर पाणी फिकट तपकिरी दिसेल इतके पातळ करा. गडद केले म्हणजे जास्त मारते असे नाही, जास्त जाळते.

पहिले तीन ते पाच दिवस रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, कातडी गुळगुळीत होईपर्यंत. त्याहून जास्त धुतलेत तर कातडीचे स्वतःचे तेल जाऊन नव्या भेगा पडतात. रक्तवाहिन्यांच्या दाहाचा किंवा उन्हाचा संशय असेल तर रोजचे धुणे सोडाच, आधी डॉक्टरांना विचारा.

८. वाळवा

टॉवेल दाबून पाणी टिपा, रगडू नका. पहिला टॉवेल ओला झाला की दुसरा. मग तिसरा. खळग्याच्या घडीत बोट घालून पाहा, थोडाही दमटपणा लागला तर काम संपलेले नाही. घोडा आवाजाला बुजत नसेल तर केस वाळवायचे यंत्र थंड हवेवर लांबून चालते, पण ओल्या फरशीवर विजेची वायर पसरू नका.

पाय पूर्ण वाळल्याशिवाय मलम, पट्टी, बूट काहीही नाही.

९. मलम: थोडे, आणि कारणानुसार

वरवरच्या जिवाणूजन्य त्रासात धुणे आणि वाळवणे एवढ्यानेच पुष्कळदा भागते. उघड्या ओरखड्यांवर डॉक्टर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम सुचवतात. भेगा कोरड्या झाल्या पण ताणल्या जात असतील तर झिंक ऑक्साइडचा पातळ थर कातडी मऊ ठेवतो. जाड, तेलकट लेप ओल्या किंवा मळक्या पायावर लावणे म्हणजे जंतूंना उबदार पांघरूण घालणे.

किड्यांवर वेगळा उपचार. पोटातून दिलेल्या आयव्हरमेक्टिनचा या वरवर फिरणाऱ्या किड्यावर पुरता भरवसा धरता येत नाही. डॉक्टर फिप्रोनिलचा फवारा, लाइम सल्फर किंवा इंजेक्शन यांपैकी काही सुचवतील. यातली काही औषधे बऱ्याच ठिकाणी घोड्यासाठी अधिकृत नसतात, म्हणून मात्रा स्वतः ठरवू नका. अंड्यातून पूर्ण किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात आणि औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा उपचार करावाच लागतो. बरोबरच्या सगळ्या घोड्यांचा एकाच वेळी करा, खाजवत नसलेल्यांचाही. बिछायत पूर्ण बदला, ब्रश आणि पट्ट्या गरम पाण्याने धुवा, कारण किडा घोड्याशिवायही कित्येक आठवडे तग धरतो.

स्टिरॉइड असलेले मलम घरात पडलेले असते म्हणून लावू नका. जंतुसंसर्ग असेल तर तो दबून आत वाढतो. पोटातून किंवा सुईने दिलेल्या स्टिरॉइडने काही घोड्यांना खुरातला दाह होऊ शकतो, तेव्हा असे औषध सुरू असताना घोडा पाय आखडून चालतो का, खूर गरम लागतात का, यावर लक्ष ठेवा. स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याला तर कुठलेही मलम लावण्याआधी बंदी असलेल्या द्रव्यांची यादी पाहावी लागते.

आणि रॉकेल, फिनेल, जुने इंजिन ऑइल, कडक मोरचूद, हायड्रोजन पेरॉक्साइड: यांतले काहीही नको. खपली जाते खरी, कातडीही जाते.

१०. आठवड्याने हिशोब करा

पहिल्या दिवशी प्रत्येक पायाचा फोटो काढा, मग दर दोन-तीन दिवसांनी त्याच कोनातून, त्याच उजेडात. रोज पाहणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. हलका त्रास दोन-तीन आठवड्यांत आवरतो. आठवडाभर नीट उपचार करून नव्या खपल्या येतच असतील तर औषध बदलत बसू नका, निदान करून घ्या. डॉक्टर खपलीचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील (डर्माटोफिलस गोल कणांच्या समांतर ओळींत दिसतो), किड्यांसाठी कातडी खरवडून पाहतील, जंतू वाढवून कोणते प्रतिजैविक चालते ते तपासतील, आणि गरज पडली तर कातडीचा छोटा तुकडा काढतील. रक्तवाहिन्यांचा दाह या शेवटच्या तपासणीनेच पक्का कळतो. तुकडा काढायला काचकूच करू नका, एका छोट्या टाक्यात महिन्यांची चाचपड वाचते.

११. परत होऊ नये म्हणून

चिखलाने भरलेला पाय पाहिला की पाण्याची नळी लावायचा मोह आवरा. रोज धुतलेला पाय रोज ओला राहतो. चिखल वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा. धुतलाच तर पूर्ण वाळवा, मधला मार्ग नाही.

चिखल सगळीकडे सारखा नसतो. फाटकाशी, पाण्याच्या टाकीशी आणि चारा टाकायच्या जागी घोडे तासन्‌तास उभे राहतात, आणि तिथलीच जमीन तुडवून राड होते. सगळे कुरण सुधारता येत नाही, पण एवढ्या तीन जागांवर खडी किंवा जाळी घालून पाण्याला उतार देता येतो. चारा टाकायची जागा अधूनमधून हलवली तरी बराच फरक पडतो.

पाऊस सुरू होण्याआधी संरक्षक मलम लावायचे असेल तर निरोगी, स्वच्छ आणि कोरड्या कातडीवरच लावा, आणि दोन-तीन दिवसांनी पुसून खालची कातडी तपासा. त्या थराखाली खपली धरली तर ती दिसत नाही.

बूट आणि पट्ट्या काम संपताच काढा, आतून झाडा, वाळवा. प्रत्येक घोड्याचे ब्रश वेगळे. नवा घोडा आला की त्याचे चारही खळगे चाचपून मगच बाकीच्यांत सोडा. पांढऱ्या पायांच्या घोड्याला कडक उन्हाच्या वेळी सावली, किंवा हवा खेळती राहील असे जाळीचे मोजे. कुरणात यकृताला बाधणारी झाडे असतील तर मुळासकट उपटा आणि उपटलेली तिथेच वाळत टाकू नका. रॅगवर्ट वाळल्यावर कडूपणा कमी होऊन घोडे ते जास्त खातात, विष मात्र तसेच राहते. वाळलेल्या वैरणीतही ते येऊ शकते, म्हणून पेंढी सोडताना एक नजर टाका.